हसतो आपण, फसतो कोण?

मराठी घरात ‘अशी ही बनवाबनवी’ कुणी बघत नाही, पाठ म्हणतात. रविवारी दुपारी कुठल्या तरी चॅनेलवर तो लागलेला असतो, जेवणं आटपून माणसं आडवी झालेली असतात, आणि पडद्यावरच्या नटाने तोंड उघडायच्या आत दिवाणावरचा माणूस ते वाक्य बोलून मोकळा होतो. धनंजय माने इथेच राहतात का, हा प्रश्न आता टी-शर्टवर आहे, चहाच्या मगावर आहे, व्हॉट्सॲपच्या स्टिकरवर आहे. ज्यांनी पूर्ण चित्रपट कधीच पाहिला नाही त्यांनाही तो प्रश्न येतो. इतकं तोंडपाठ झालेल्या गोष्टीबद्दल आपलं मत असं काही उरत नाही. आवडतो का? असं काय विचारता, आवडणारच. का आवडतो? आता ते काय सांगायचं!

तर ते सांगता यावं म्हणून हे जुने, खुळचट म्हणावेत असे मराठी विनोदी चित्रपट मी या पावसाळ्यात पुन्हा बघायला काढले. सलग, पाट्या पडण्यापासून शेवटपर्यंत, हातात मोबाइल न घेता. सोबतीला भाची होती. ती बंगळुरात वाढलेली. मराठी छान बोलते, पण हे चित्रपट तिला रीलमधून, तुकड्या-तुकड्यांनीच माहीत. न्यायनिवाड्याला असा माणूस शेजारी असावा. आपण सवयीने हसतो, तो हसू आलं तरच हसतो.

तिच्याकडे बघून एक गोष्ट पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली आणि मग सगळ्या चित्रपटांना मी तोच गज लावत गेले. ती टाळीच्या वाक्यांना हसत नव्हती. ज्याला ते वाक्य ऐकवलं जात होतं, त्याच्या तोंडाकडे बघून हसत होती.

सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक विश्वास सरपोतदार मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये मागतो आणि धनंजय माने त्याला सांगतो की औषधवाला माणूस वारला, तुमचे सत्तर रुपये वारले. हे वाक्य आपण आयुष्यभर अशोक सराफांचं म्हणून मिरवलं. ते त्यांचंच आहे, वाद नाही. न हसता, मयताची बातमी सांगावी त्या सुरात ते बोलतात. पण या वेळी मी मुद्दाम सुधीर जोशींवर नजर ठेवली. आधी त्या चेहऱ्यावर रीतसर दुःख येतं, कुणी तरी गेलं म्हटल्यावर भल्या माणसाच्या तोंडावर येतं तसं. मग त्या दुःखाच्या आतून हिशोब वर येतो. मग लक्षात येतं की इथे भांडायला गेलो तर मेलेल्या माणसाशी पैशासाठी भांडल्यासारखं दिसेल. हे सगळं काही सेकंदांत, बिनबोभाट. सुधीर जोशी तिथे नुसते बावळट दिसले असते तर ते वाक्य कधीच विसरलं गेलं असतं. ते बावळट नाहीत, कद्रू आहेत, संशयी आहेत आणि तरीही सभ्य आहेत. त्यांची सभ्यताच त्यांना गोत्यात आणते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की विनोदी चित्रपट फसवणाऱ्याच्या नावावर चालतो आणि फसणाऱ्याच्या जिवावर टिकतो. फसणारा माणूस असेल तर पस्तीस वर्षांनीही हसू येतं. तो नुसता उल्लू असेल तर चित्रपट मेला. मग त्यात नट कितीही मोठा असो.

‘बनवाबनवी’ 1988 च्या सप्टेंबरमधला. दिग्दर्शन सचिन यांचं, लेखन वसंत सबनीसांचं, निर्मिती किरण शांताराम यांची. गोष्ट मूळची आपली नाही. 1966 साली हृषिकेश मुखर्जींनी हिंदीत ‘बीवी और मकान’ केला होता आणि त्याचंही मूळ 1955 च्या एका बंगाली चित्रपटात. हे कळलं की काही लोकांचा विरस होतो. माझा झाला नाही. कलकत्त्याची गोष्ट पुण्यात अशी रुजली, की आज तिला परकी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. ती रुजली कारण खोलीचा प्रश्न खरा होता. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठली होती, आणि एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर काढायचा म्हणजे कोर्टाची पायरी चढून म्हातारं व्हायचं. त्यामुळे खोली देणारा माणूस पारखून घ्यायचा, हजार चौकशा करायचा, आणि सडाफटिंग पोरांना दारातूनच वाटेला लावायचा. तो कायदा जाऊन नवा आला तो थेट 2000 साली. लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देईन म्हणते तेव्हा ती विक्षिप्त म्हातारी नसते. त्या काळच्या पुण्यातल्या कुठल्याही मालकिणीसारखीच ती बोलत असते.

भाचीला हा कायदा माहीत असायचं कारण नाही. पण लीलाबाईची अट ऐकताच ती म्हणाली, “आत्या, आमच्याकडे अजून हेच आहे. बॅचलर म्हटलं की ब्रोकर फोन ठेवतो.” झालं. चित्रपट तिच्यापुरता जिवंत झाला. पुढे जागा मिळावी म्हणून चार मित्रांतले दोघे बायका बनले, साडी आली, पदर आला, पार्वती आली, ते सगळं तिने मान्य केलं, कारण गरज पटली होती.

साडीबद्दल थोडं बोललं पाहिजे. पुरुषाने साडी नेसून केलेला विनोद गेल्या काही वर्षांत टीव्हीवर इतका झालाय की माझा हात आपसूक रिमोटकडे जातो. त्या कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष आला, की लोक तेवढ्यावरच हसतात. म्हणजे बाई असणं हाच विनोद. ‘बनवाबनवी’त तसं होत नाही. तिथे साडी हे संकट आहे. ती सांभाळायची आहे, तिच्यात वावरायचं आहे, शेजारणीसमोर, मोलकरणीसमोर, मालकिणीसमोर. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती तर हळूहळू साडीत रमतेच. कुरकुरते, लाजते, जाऊबाईशी भांडते. डोहाळजेवणाच्या गाण्यात तो हिरवीगार साडी नेसून झोपाळ्यावर बसतो, तेव्हा त्याच्या तोंडावर खरोखरच कौतुक करून घेणाऱ्या पहिलटकरणीचा आनंद आहे. आपल्याकडे स्त्रीपार्टाची मोठी परंपरा, पुरुषाची साडी बघून शालूंच्या फॅशन ठरवणारा हा समाज. योगायोग असा की 1988 हे बालगंधर्वांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी सर्वांत गाजलेली मराठी ‘बाई’ पार्वती माने असावी, याला काय म्हणावं!

मात्र सगळंच साजूक नाही. नवऱ्याने टाकलेली बाई हा त्यात हशाचा विषय आहे, आणि तो ऐकताना मला आता कसंतरी होतं. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात अशी एक बाई राहायची. चित्रपट बघून आलेली पोरं तिच्या पाठीमागे ते वाक्य म्हणायची. चित्रपटाचा हेतू तसा नव्हता, पण वाक्य एकदा सुटलं की ते कुणाच्या दारात जाऊन पडेल ते लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. शिवाय चार नायिका आहेत आणि एकीच्याही डोक्यात संशयाचा किडा लवकर वळवळत नाही. अश्विनी भावेंची माधुरी दुकान चालवणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई. तिला निदान अर्ध्या चित्रपटात कळायला हवं होतं. भाचीने तर विचारलंच, “हे लोक त्या आजीला सरळ सांगत का नाहीत?” मी म्हटलं, सांगितलं तर चित्रपट संपेल. ती म्हणाली, “नाही, म्हणजे तिला आवडतात ते. ती ठेवून घेईल.” आणि तिथे नयनतारांचं काम माझ्या डोळ्यांसमोर नव्याने आलं. त्यांची लीलाबाई या पोरांवर जीव लावते. बारशापर्यंत मजल गेली, तर ती स्वतः पाळणा म्हणेल इतकी. त्यामुळे प्रत्येक थापेबरोबर हसू येतं आणि पोटात किंचित कालवतंही. हे कालवणं नसतं तर तो नुसता पोरखेळ झाला असता.

‘धूमधडाका’ला तोच गज लावून बघा. 1985 चा, महेश कोठारेंनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. हीसुद्धा उसनी गोष्ट. 1964 चा तमिळ चित्रपट, त्यावरून 1966 चा हिंदी ‘प्यार किये जा’, त्यावरून हा. श्रीमंत, लोभी सासऱ्याला गुंडाळण्यासाठी मित्राला गडगंज म्हाताऱ्याचं सोंग देऊन बाप म्हणून उभं करायचं. अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर म्हणजे पाइप, ठसका आणि ते ‘व्याख्या विख्खी वुख्खू’. लोक अजून तो ठसका काढून दाखवतात, पण सराफांच्या आसपासही कुणी जात नाही. का, तर आपल्यासमोर शरद तळवलकर नसतात. धनाजीराव वाकडे हे पात्र मुळात हावरट. पैशाचा वास आला की नाकपुड्या फुलणारा माणूस. तळवलकर तो असा करतात की त्याची हाव आपल्याला समजते, थोडी ओळखीचीही वाटते. जवळकर खोकतो, आणि वाकडे त्या खोकल्यातही इस्टेट ऐकत असतात. आदर, घाई, मधूनच शंका, आणि शंका घेतली तर सोयरीक फिसकटेल ही भीती. ज्याच्या समोर खोकायचं त्याने इतकं लक्ष दिलं की खोकणाऱ्याचं निम्मं काम होतं.

बाकी चित्रपट आज बघताना ढिला वाटतो. गाणी लांब, मारामारी उगाचची. पण प्रेमा किरण आणि लक्ष्मीकांत समोरासमोर आले की तो पुन्हा उभा राहतो. प्रेमा किरणची अंबाक्का कुणाला फसत नाही, दबत तर त्याहून नाही. ती दटावते. त्या काळच्या मराठी नायिकांत ही गोष्ट दुर्मीळ होती, आणि तिचं पुढे जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही असं मला वाटतं.

हे चित्रपट मी पहिल्यांदा पाहिले ते थिएटरात नव्हे, गणपतीत. गल्लीच्या एका तोंडाला बांबूंवर पांढरा पडदा ताणलेला, मंडळाने भाड्याने आणलेलं प्रोजेक्टर, आणि जागा न मिळालेली आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेली. मागून बघितलं की सगळं उलटं. दुकानांच्या पाट्या उलट्या, डावखुरे हवालदार, भांग दुसरीकडे. रीळ बदलताना दिवा लागायचा आणि कुणाच्या तरी आईची हाक यायची. अर्धे संवाद लोकांच्या हसण्यात बुडायचे. मला आता वाटतं की आम्ही पाठ केलेले संवाद हे असेच, हशाच्या फटीतून ऐकू आलेले आहेत, आणि अख्खा चित्रपट बहुतेकांना ठाऊकच नाही.

त्या पडद्यावर पाहिलेले कित्येक चित्रपट आता पुन्हा लावले आणि अर्ध्यात बंद केले. यादी देत बसत नाही. 1987 चा ‘दे दणादण’ तेवढा सांगते. हवालदार लक्ष्याला मारुतीरायाच्या कृपेने अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती जाते. कल्पना भन्नाट आहे. मारुतीच्या शेंदराच्या देशात शक्ती जायला लालच रंग, यात एक तिरका खोडकरपणाही आहे. पण त्या शक्तीपुढे उभं राहायला कुणी माणूस नाही. गुंड येतात, उडतात, पडतात. तीच गत नव्वदीच्या सुरुवातीला रांगेने आलेल्या जुळ्यांच्या, तोतयांच्या, वेड्या डॉक्टरांच्या चित्रपटांची. फसणारे सगळे एका साच्यातले: टकलू, तोतरे, जाडे, लंगडे. त्यांच्या शरीराला हसा म्हणून आज्ञा होते. भाची अशा जागी मोबाइल हातात घ्यायची, आणि मीही तिला अडवायची नाही.

‘झपाटलेला’ मात्र टिकलाय, आणि हे मला अपेक्षित नव्हतं. 1993 चा. बाहुलीत शिरलेल्या खुन्याची कल्पना 1988 च्या एका अमेरिकी भयपटातून घेतलेली. पण अमेरिकेतली बाहुली दुकानातल्या खेळण्यासारखी होती, आपला तात्या विंचू हा शब्दभ्रमकाराचा बाहुला. आणि महाराष्ट्राला बोलका बाहुला काही नवा नव्हता. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिलेला, पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये त्याला घरोघर घेऊन गेले, आणि तात्या विंचूचा बाहुलाही त्याच पाध्यांच्या हातचा. म्हणजे ज्या जबड्याने आपल्याला लहानपणी हसवलं होतं, तोच जबडा आता शिव्या देतोय, सुरा काढतोय. घाबरवायला याहून सोयीची गोष्ट दुसरी नव्हती. दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्यात असा चिकटलाय की बाहुला थकतो, चिडतो, हुशारी करतो हे सगळं लाकडी तोंडावर दिसायला लागतं. 2013 मध्ये थ्रीडीत दुसरा भाग आला, त्याची कारागिरी जास्त सफाईदार. पण पहिल्या बाहुल्याला वजन आहे. तो पळतो तेव्हा त्याचे पाय जरा लटपटतात, आणि त्यानेच अंगावर काटा येतो.

आणि त्यात लक्ष्मीकांत फसवणारा नाही. तो सांगत सुटलाय की बाहुला जिवंत आहे आणि कुणाचा विश्वास बसत नाही. ‘टुरटुर’पासून रंगभूमी गाजवलेला हा नट चित्रपटात नेहमी पळापळ करायला, ओरडायला, डोळे फिरवायला वापरला गेला. इथे त्याला पळायला कारण मिळालंय. त्याची भीती खरी आहे, म्हणून आपण हसतो. एका क्षणी भाची म्हणाली, “बिचारा.” विनोदी नटाला मिळणारी ही मोठी दाद आहे.

आता दादा. दादा कोंडक्यांचं नाव काढलं की घरात दोन तट पडतात, आमच्याकडेही पडले. नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, गिनीज बुकात नोंद, हे सगळे सांगतात. त्यांच्या नावाने नाकं मुरडणारेही त्यांचे चित्रपट कधी तरी चोरून पाहिलेले असतात. मी 1971 चा ‘सोंगाड्या’ आणि 1975 चा ‘पांडू हवालदार’ बघितला, आणि नंतरचे काही चाळले. माझा निकाल असा: सुरुवातीच्या दादांत फसणारा खुद्द नायक आहे. ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी, आणि जगात काय चाललंय याचा पत्ता नाही. समोरची बाई त्याच्याहून कितीतरी शहाणी, आई रत्नमाला तर साक्षात करारी. द्वयर्थी शब्द तोंडातून जातो तेव्हा त्याला स्वतःला त्यातला दुसरा अर्थ कळलेला नसतो, निदान तसं तो आपल्याला पटवतो. लोकनाट्यातला सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. ‘पांडू हवालदार’मध्ये तर शेजारी अशोक सराफ आहेत, चिरीमिरी खाणारे, बेरकी. भोळा हवालदार आणि बनेल हवालदार अशी जोडी, आणि सराफांची पुढची सगळी कारकीर्द त्या बनेल डोळ्यांत आधीच दिसते.

नंतर गणित बिघडलं. पुढच्या दादांना सगळं कळतं. ते बोलतात आणि प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतात, आणि मध्ये उभी असलेली बाई तेवढी अडाणी ठरते. म्हणजे आता ती फसणार, आणि तीही माणूस म्हणून नव्हे. हिंदीत गेल्यावर तर शीर्षकापासूनच डोळा मारणं सुरू झालं. अश्लीलतेचं मला वावडं नाही, तमाशाच्या गावाजवळ वाढलेल्या माणसाला ते असूही नये. पण सोंगाड्या सगळ्यांत शेवटी स्वतःवर आपटायचा. तो आपटायचा थांबला आणि मजा गेली.

या दोन टोकांना जोडणारा एक माणूस आहे आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. वसंत सबनीस. दादांना दादा करणारं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यांचं, ‘सोंगाड्या’ त्यांचा, आणि ‘बनवाबनवी’ही त्यांचा. एका बाजूला वगनाट्याची रांगडी बोली, दुसऱ्या बाजूला पुण्यातल्या वाड्यातली चिकट, हिशोबी, सभ्य भाषा. दोन्ही एकाच लेखणीतून, आणि दोन्हीकडे फसणाऱ्याला पुरेसं बोलायला दिलेलं. पडद्यावरचे चार नट आपल्याला तोंडपाठ आणि त्यांच्या तोंडात शब्द घालणाऱ्याचं नाव पाटीवरून निघून जातं, हे आपल्याकडे नेहमीचंच.

लेखकाचा विषय निघालाच आहे तर ‘एक डाव भुताचा’ बघा. 1982 चा, रवी नमाडे यांचा, लेखन द. मा. मिरासदारांचं. मिरासदारांनी त्यात हेडमास्तरही केलाय. प्रभावळकर शाळेतले बुजरे मास्तर, आणि त्यांच्या मागे लागलेलं अशोक सराफांचं ऐतिहासिक भूत. भूत फक्त मास्तरांना दिसतं. त्यामुळे गावाला दिसतो तो हवेशी बोलणारा, हवेला दटावणारा मास्तर. या चित्रपटात पैसा कमी पडलाय हे फ्रेमागणिक कळतं, भुताचे चमत्कार तर शाळेच्या गॅदरिंगच्या तोडीचे. पण प्रभावळकर रिकाम्या जागेकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेची उंचीसुद्धा ठरलेली आहे. भूत उभं असेल तर वर, बसलं असेल तर खाली. मी रिवाइंड करून पाहिलं, कुठे चुकतात का म्हणून. मला चूक सापडली नाही. ज्याला सराफ दिसतात त्याला हसू येतंच, पण गावकऱ्यांच्या जागी बसून पाहिलं तर जास्त येतं. या सगळ्या पसाऱ्यात माझा सर्वांत लाडका हाच निघाला.

नव्या काळातला एकच पाहिला, 2008 चा ‘वळू’. उमेश कुलकर्णींचा. गावात एक बैल मोकाट सुटलाय, त्याला पकडायला फॉरेस्टचा अधिकारी आलाय. अतुल कुलकर्णी तो अधिकारी इतक्या सरळ मनाने करतात की त्यांची पुस्तकी शिस्त आणि गावाचं राजकारण यांची गाठ पडली की वेगळा विनोद लिहावाच लागत नाही. गाव स्वतःलाच फसवतंय. बैलाच्या नावावर सगळ्यांची आपापली पापं जमा. भाचीला हा सर्वांत आवडला. मला तो थोडा जास्त शहाणा वाटतो, खुळचटपणाला जरा लाजणारा. पण हे वयाचं अंतर असेल.

शेवटी 1992 चा ‘एक होता विदूषक’ लावला. जब्बार पटेलांचा, पु. लं.नी लिहिलेला. विनोदी नटाच्या आयुष्यावरचा हा चित्रपट विनोदी नाही, त्यामुळे खरं तर तो या यादीत बसत नाही. तमाशातल्या बाईचा मुलगा सोंगाड्या होतो, सिनेमाचा मोठा स्टार होतो, राजकारण्यांच्या स्टेजवर जाऊन पोचतो, आणि ज्याला सगळा महाराष्ट्र हसतो त्याची स्वतःची मुलगी हसत नाही. तो विदूषक लक्ष्मीकांतने केलाय. इथे तो सगळ्यांकडून फसतो. निर्मात्यांकडून, पुढाऱ्यांकडून, टाळ्यांकडून. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. लोकांना पळणारा, किंचाळणारा लक्ष्या हवा होता, तो पुढे त्यांना मिळतही राहिला, 2004 साली तो गेला तोवर.

चित्रपट निर्दोष नाही. राजकारणाचा भाग लांबलाय, काही ठिकाणी उपदेश येतो, आणि पु. लं.चं लेखन असूनही मधला तासभर हलका होत नाही. पण टाळ्या पडताना लक्ष्मीकांत ज्या पद्धतीने उभा राहतो, हसू तोंडावर आणि लक्ष भलतीकडेच, ते बघून मला सुधीर जोशींचा सरपोतदार आठवला. मग वाटलं, या माणसाला आम्ही आयुष्यभर चुकीच्या बाजूला उभं केलं. फसवणारे आपल्याकडे पुष्कळ होते. त्याचा चेहरा फसणाऱ्याचा होता.